तारखेचा रकाना

एकतीस वर्षं मी माणसं मेल्याचं लिहून दिलं.
महापालिकेचं कार्यालय, कसबा पेठ, दुसरी खिडकी.
नाव, आईचं नाव, कायमचा पत्ता,
खाडाखोड नाही.
माझ्या हातून गेलेला एकही मेलेला
परत आला नाही दुरुस्तीला.

आता सहकारनगर, तिसरा मजला, लिफ्ट नाही.
इमारत पाडायची आहे, सगळ्यांच्या सह्या झाल्या,
माझी तेवढी राहिली.
मग माझ्याच नळाचं पाणी गेलं.
माझ्याच दारापुढचा दिवा.
कठडा सुटला तोही माझ्याच मजल्यावरचा,
खालचे दोन मजले मजबूत.
एका सकाळी पायपुसण्यावर मेलेली घूस,
तोंड घराकडे करून.

चेअरमन रानवडे, सेक्रेटरी नूलकर
आणि माझ्या धाकट्या दिराचा निशिकांत,
ज्याला मी गूळतूपपोळीवर वाढवला,
जिन्यात भेटले की हसून विचारायचे,
रद्दीवाल्यानं गठ्ठ्याचा अंदाज घ्यावा तसे:
काय मग, अजून किती दिवस?

प्रश्न रास्त आहे.
खिडकीवर आलेल्याला उत्तर द्यायचं,
ही नोकरीतली सवय.

बोलावलं तिघांना. चहा टाकला.
म्हटलं, लिहून देते, आधी तुमची माहिती सांगा.
आनंदानं सांगितली.
रानवड्यांनी आईचं माहेरचं आडनावसुद्धा,
नूलकरांनी जन्मवेळ, न विचारता.
निशिकांतनं रक्तगट.
मी लिहीत गेले. हात कापतो, पण अक्षर कापत नाही.
मग कागद त्यांच्याकडे वळवला.

मृताचे नाव : रानवडे शांताराम गेनू.
ठिकाण : न्हाणीघर. कारण : साबण.

मृताचे नाव : नूलकर अच्युत वामन.
ठिकाण : बँकेतली रांग. कारण : पुढचा माणूस.

निशिकांतचं आडनाव माझंच, ते लिहिताना जरा थांबले.
ठिकाण : सिंहगड रस्ता. कारण : घाई.

तारखेचा रकाना तेवढा कोरा.

ही काय थट्टा, नूलकर म्हणाले.
अर्धा चहा बशीत ठेवला तो पुन्हा उचलला नाही.
थट्टा कसली, म्हटलं,
तारीख मी माझी वेळ आली की भरीन,
शेवटचं काम म्हणून.
एकतीस वर्षांत एक नोंद चुकली असेल तर दाखवा.

त्या कागदाची किंमत मला ठाऊक आहे,
किलोला बारा रुपये.
पण दुसऱ्याच आठवड्यात रानवडे न्हाणीघरात घसरले.
मेले नाहीत. नडगी फुटली.
साबणाला मी हात लावला नव्हता.
नाही लावला असं कुणाला सांगितलंही नाही.

तेव्हापासून पाणी चोवीस तास.
धरणात नसलं तरी माझ्या नळाला असतं.
कठड्याला नवा गज, दारापुढे दोन दिवे.
नूलकर पपई आणून देतात, बिया काढून,
बँकेत मुलाला पाठवतात.
निशिकांत स्कूटर विकून चालत येतो,
रक्तदाबाचं यंत्र काखोटीला मारून.
एकशेतीस आलं की त्याचा चेहरा
दहावीला पास झाला होता तसा होतो,
तेव्हाही काठावरच.

बिल्डर म्हणाला, ठीक आहे, बाई जाईपर्यंत थांबू.
तर तिघं त्याच्या अंगावर धावून गेले.
जाईपर्यंत म्हणजे काय हो?

दुपारी बेल वाजते. मी लगेच उठत नाही.
पलंगावर सरळ पडते, पेनचं टोपण काढून,
तीन कागद छातीवर,
आणि श्वास धरते.
काल सत्तेचाळीसपर्यंत गेले.
दाराबाहेर कुणीतरी रामरक्षा पुटपुटत होतं, चुकीची.
काकू, अहो काकू, किती वेळ,

अठ्ठेचाळीस.